सार्वजनिक रस्ता-ओलांडू मंडळ

माझ्या नावावर पोलीस ठाण्यात एक गणेशोत्सव मंडळ नोंदलेलं आहे. त्या मंडळात गणपती नव्हता, मांडव नव्हता, आरती नव्हती. मूर्ती मात्र सतरा होत्या, आणि त्यातल्या चौघींचं नाक मला रोज सकाळी पुसावं लागे. हे सगळं मी पूर्ण शुद्धीवर असताना केलं. आमच्या घरातली मंडळी तसं मानत नाहीत, पण ती त्या वेळी ठाण्यात नव्हती, मी होते.

झालं असं, की त्र्याहत्तर साली पोळ्याच्या आठवडाभर आधी शेजारची विशाखा ट्रकखाली जाता जाता राहिली.

आमची वस्ती आणि मुलांची शाळा यांच्या मधून एक सडक जाते. नागपुरातल्या इतवारीच्या बाजारात धान्य नेणारे ट्रक सकाळी तिच्यावरूनच जातात, आणि शाळाही नेमकी त्याच वेळी भरते. शाळा बांधणाऱ्यांनी मोकळी जागा पाहिली, वस्ती वसवणाऱ्यांनी पाण्याचा नळ पाहिला. मधली सडक कोणी पाहिलीच नाही. विशाखा पाचवीत होती. बापाची मोठी सायकल ती कैची मारून चालवायची. म्हणजे सीटवर बसलं तर पाय पोचत नाहीत, म्हणून दांड्याखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि कमरेतून वाकडं होऊन पायडल मारायचं. अशी सायकल चालवणारं मूल समोरचं सोडून बाकी सगळं बघू शकतं. त्या दिवशी ट्रक समोरून आला.

गुडघा सोलला, पुढच्या चाकाचा आठ झाला, आणि भूगोलाची वही नालीत गेली. गुडघा बरा होणार होता, चाक चंद्रभान, म्हणजे तिचा बाप, ठोकून आणणार होता. वहीचं दुःख मात्र मला एकटीलाच होतं, कारण त्या वहीवर माझीही पाचवी चालली होती. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर केलं. त्यामुळे मला जगातल्या पुष्कळ गोष्टींची सुरुवात माहीत आहे आणि शेवट माहीत नाही. विशाखा संध्याकाळी आमच्या ओट्यावर अभ्यासाला येऊन बसू लागली, तेव्हापासून मला विषय पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मिळायला लागले होते. नद्या संपून आम्ही डोंगरांवर आलो होतो.

मी हळद घेऊन तिच्या घरी गेले. तिचे आईबाप दोघंही गिरणीच्या पहिल्या पाळीला जातात. घरी आजी, तुळसाबाई. तुळसाबाई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि हात असे चालतात की बोलण्यानं विडी अडत नाही आणि विडीनं बोलणं अडत नाही. त्या दिवशी दोन्ही थांबलेलं होतं.

“नाही पाठवत मी आता शाळेत,” ती म्हणाली. “पोट्टी घरात राहीन तं अडाणी राहीन. सडकेवर गेली तं राहीनच नाही. तूच सांग वं कांता, यातलं कोणतं बरं?”

मी म्हटलं, तुळसाबाई, थोडे दिवस द्या, मी सडकेचा काही बंदोबस्त करते. आता हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं ते मला आजही ठाऊक नाही. मी तोवर आयुष्यात फक्त उंदरांचा आणि एकदा मुंग्यांचा बंदोबस्त केला होता.

“तू काय सडकेची मालकीण हायेस?” तुळसाबाईनं विचारलं. मग तिनं एक पान उचललं आणि अट घातली. ट्रक थांबलेला तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय विशाखा उंबरठ्याबाहेर जाणार नाही. विशाखा भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पण तिचे कान आमच्याकडे होते. मुलांचे कान पाठीलाही असतात.

शाळेत विचारलं तर मुख्याध्यापकांनी हजेरीपट उघडून दाखवला. लागोपाठ पंधरा दिवस मूल आलं नाही की नाव कमी होतं. नियम आहे, ते म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू तो त्यांना स्वतःलाच चावला होता. एकदा नाव कमी झालेल्या किती मुली परत आल्या, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तर पंधरा दिवस.

आमचे हे, मधुकरराव, सरकारी नोकरीत. त्यांचा सरकारवर इतका विश्वास आहे की घरातलं दूध नासलं तरी ते आधी त्याचा लेखी खुलासा मागतील. ते म्हणाले, रीतसर अर्ज कर. शेजारचे गोपाळराव कोर्टातून निवृत्त झालेले. अर्जाचं नाव ऐकताच ते बंडीची बटणं लावत कुंपणाशी आले. अर्ज म्हणजे त्यांचा जीव. त्यांनी माझ्यासाठी चार पानी अर्ज लिहिला. पहिल्या पानावर नागपूर शहराची वाढ होती, दुसऱ्यावर अर्जदारणीची परिस्थिती होती (ती वाचून मला स्वतःचीच फार दया आली), आणि विशाखा तिसऱ्या पानाच्या तळाशी सायकलवरून पडत होती. मी म्हटलं, तिला जरा वर घ्या. गोपाळराव म्हणाले, वहिनी, मजकूर क्रमानं येतो.

तो अर्ज घेऊन मी तीन कचेऱ्यांत गेले. नावं सांगत नाही, कारण तिन्हीकडे लोक चांगले होते. एकीकडे तर बसायला पंख्याखालची खुर्ची मिळाली. पहिल्या कचेरीत म्हणाले, वस्तीतल्या गल्ल्या आमच्या, सडक दुसऱ्या खात्याची. दुसऱ्या खात्यानं कबूल केलं की सडक त्यांचीच, अगदी खालच्या मुरुमापासून. पण तिच्यावरून जे धावतं ते त्यांचं नाही. जे धावतं ते ज्यांचं होतं, तिथल्या कारकुनानं एक जाड वही काढली, बोटानं दोन वर्षं मागेपर्यंत चाळली आणि म्हणाला, या जागी अपघाताची नोंद नाही. मी विशाखाचं सांगितलं. त्यानं काळजीनं विचारलं, मुलगी कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. मग तो फारच हळू म्हणाला, “मग नोंद कशी करू, बाई?”

घरी येऊन हे तुळसाबाईला सांगायची हिंमत झाली नाही. तिनंच कुंपणावरून विचारलं, काय झालं गा तुह्या अर्जाचं. ‘गा’ बाप्यांना म्हणतात. मी कचेऱ्या फिरते आहे म्हणून ती मला बाप्याच्या रांगेत बसवून टोमणा मारत होती. मी म्हटलं, अपघाताची नोंद हवी म्हणतात. ती म्हणाली, नोंद झाली असती तं मंग बंदोबस्त कोणासाठी केला असता?

गोपाळरावांच्या चार पानांत हा मुद्दा कुठेच नव्हता.

मग वस्तीतून सल्ले यायला लागले. कोणी म्हणालं सडकेवर मुरूम टाका, कोणी म्हणालं म्हशी बांधा. मधुकररावांनी पेपरात पत्र लिहायला सुचवलं, पण सही माझी. मी स्वतःच्या डोक्यानं चालायचं ठरवलं, आणि माझ्या हातून सहसा असंच नुकसान होतं. जुन्या लाल परकराचा तुकडा फाडला, लाटण्याला बांधला आणि सकाळी पावणेसातला सडकेवर जाऊन उभी राहिले. लाल रंग पाहून गाडी थांबते, एवढं मला ठाऊक होतं. ते आगगाडीबद्दल होतं हे त्या घाईत लक्षात आलं नाही.

ट्रक थांबला, हे मान्य केलं पाहिजे. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि मला विचारलं, “बहनजी, फाटक कहाँ है?” तेवढ्यात मागून दुसरा ट्रक, तिसरा, मग दोन छकडे आणि एक बस. बसमधले गिरणीचे कामगार लाल निशाण पाहून उतरले आणि कोणती मागणी आहे ते न विचारताच माझ्यामागे उभे राहिले. पाचच मिनिटांत मी एका संपाची पुढारी झाले होते. कोणीतरी घोषणा दिली. तिला प्रतिसाद मिळाला. आणि नेमके त्याच वेळी मधुकरराव दुधाची बाटली घेऊन परत येत होते. सरकारी नोकर. त्यांनी मला पाहिलं, निशाण पाहिलं, लाटणं ओळखलं, आणि रस्त्याच्या पलीकडून, मान खाली घालून, एखाद्या परक्या माणसासारखे निघून गेले. एकवीस वर्षांच्या संसारात ते मला इतकं कधी लागलं नव्हतं.

हवालदार बळीराम आले आणि त्यांनी मला ठाण्यात नेलं. म्हणजे, ते सायकल ढकलत चालले आणि मी शेजारून चालले. पण वस्तीनं जे पाहायचं ते पाहिलं. दुपारपर्यंत माझी बातमी खाप्याला माझ्या माहेरी पोचली, आणि भावानं निरोप धाडला की जामिनाची गरज असेल तर कळव. ठाण्यात मला एका बाकावर बसवलं. शेजारी कोंबडी चोरलेला एक माणूस होता. त्यानं सभ्यपणे सरकून जागा दिली आणि विचारलं, तुमचं काय? मी म्हटलं, गाड्या थांबवल्या. तो बराच वेळ माझ्याकडे आदरानं पाहत राहिला.

बळीराम माणूस वाईट नव्हते. त्यांनी समज देऊन सोडलं. पंधरातले सहा दिवस गेले होते.

आठवा दिवस तान्ह्या पोळ्याचा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवायला आणतात. आमच्या वस्तीतलेही बैल निघाले. कोणाचा वीतभर, कोणाचा गुडघ्याएवढा, कोणाच्या शिंगाला बेगड. शहरात मारबतीच्या मिरवणुकीचा मोठा बंदोबस्त, तरी बळीराम तासाभरासाठी आमच्याकडे आले होते. बैलांना पलीकडच्या मैदानावर जायचं होतं. बळीराम सडकेच्या मधोमध उभे राहिले, त्यांनी हात वर केला, आणि इतवारीकडे निघालेले ट्रक एकामागून एक, गुपचूप, थांबले. एका बैलाचं चाक निखळलं. ते बसवेपर्यंत सगळे थांबले. कोणी हॉर्नसुद्धा दिला नाही.

मी ओट्यावर उभी होते. विशाखा माझ्या शेजारी, गुडघ्याला पट्टी. मी चप्पलसुद्धा न घालता बळीरामांसमोर गेले आणि म्हटलं, “लाकडाच्या बैलासाठी थांबवता, आणि जित्या पोरीसाठी नाही थांबवत?”

बळीराम ओशाळले. “ताई, मी काहून नाही म्हणीन? पण ही मिरवणूक हाय. मिरवणुकीचा परवाना असते. परवाना असला तं ट्रक काय, मी रेलगाडी थांबवतो.”

“परवाना कुठे मिळतो?”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता, जणू एखाद्या बैलाला सांगावं तसं सांगितलं, की परवापासून ठाण्यात गणपतीचे परवाने देऊन राहिलेत, गर्दी लई आहे, आणि साहेबाला दिवसाला दोनशे सह्या कराव्या लागतात.

इथं एक अडचण होती आणि तिचं नाव तुळसाबाई. चोरून काही करायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून आधी तिच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. तिनं हातातली विडी दोऱ्यानं बांधली, सुपात ठेवली, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाली, “आम्ही छप्पन साली देव सोडले, कांता. पोरंबाळं शाळेत जावी म्हणूनच सोडले. आता शाळेत जायसाठी देव धरायचा काय?”

मी खाली बसले. म्हटलं, देव नाही. मूर्ती नाही, गुलाल नाही, जयजयकार नाही. नुसता छापील कागद आहे, आणि सरकारकडे ट्रक थांबवायचा दुसरा कागदच नाही. तिनं सुपातली पानं सारखी केली. आत विशाखा सहाचा पाढा म्हणत होती, मुद्दाम मोठ्यानं. शेवटी तुळसाबाई म्हणाली, “कागद तुहा. पोट्टी माही. गुलालाचा एक कण दिसला तं मी तिले हात धरून आणीन.”

अर्ज भरायला गोपाळराव. त्यांची एकच अट होती: सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही. त्यामुळे जे झालं ते सगळं खरं झालं. मंडळाचं नाव: सार्वजनिक रस्ता-ओलांडू मंडळ. मूर्तींची संख्या: आम्ही वस्तीतली पलीकडे जाणारी मुलं मोजली, सतरा. मूर्तीची उंची: साडेतीन ते साडेचार फूट. मूर्ती कशाची आहे, माती की शाडू: गोपाळरावांनी टाक उचलला, विचार केला, आणि लिहिलं, हाडामासाची. मिरवणुकीचा मार्ग: वस्तीचा नळ ते शाळेचं फाटक. विसर्जनाचं ठिकाण: शाळेचं पटांगण. विसर्जित मूर्तींचं काय होणार असा एक रकाना होता. तिथं त्यांनी लिहिलं, साडेअकरा वाजता घरी परत येतील.

ठाण्यात मी पंचवीस-तीस मंडळांच्या रांगेत उभी राहिले. कोंबडीवाल्याच्या बाकावर आता एका मंडळाचे खजिनदार बसले होते. बळीरामांनी माझा कागद घेतला, ओळीखाली बोट धरून वाचला, आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं.

“ताई, साहेब वाचत नाहीत,” ते म्हणाले. “पण वाचलंच तं?”

मी म्हटलं, वाचलं तर त्यात खोटं काय आहे तेवढं दाखवायला सांगा. त्यांनी कागद गठ्ठ्याच्या बरोबर मध्ये खुपसला. संध्याकाळी शिक्क्यासकट परत आला. अनंत चतुर्दशीपर्यंत, रोज सकाळ-दुपार, एक हवालदार बंदोबस्तासह. खाली छापील अटी होत्या. हत्ती असल्यास त्याच्या पायात साखळी असावी, ही मला फार आवडली.

बाराव्या दिवशी सकाळी सतरा मुलं नळापाशी उभी राहिली. विशाखा सर्वांत पुढे, सायकल हातात धरलेली, चाक ठोकून सरळ केलेलं तरी थोडं मुरडत चालणारं. तुळसाबाई सडकेच्या कडेला पाट टाकून, सूप घेऊन बसली होती, पाहायला. बळीरामांनी एक शंका काढली. मुकी मिरवणूक ट्रकवाल्यांना मिरवणूक वाटायची नाही, काहीतरी आवाज पाहिजे. जयजयकार तर नको होता. विशाखा म्हणाली, पाढे म्हणू? बळीरामांनी हात वर केला. ट्रक थांबले. आणि “सात एके सात, सात दुणे चौदा” अशा गजरात आमची मिरवणूक सडकेवर आली. पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचे हात सोडून जोडले, मूर्ती शोधली, सापडली नाही, पण हात तसेच ठेवले.

पलीकडच्या कोपऱ्यावर जिजाबाईंचं घर. जुनं, सोवळ्याओवळ्याचं घर. जिजाबाईंना मोतीबिंदू झालेला, उजेडात माणूस दिसतं पण कोण ते कळत नाही. त्यांनी मिरवणूक आली एवढं ऐकलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि पायऱ्या उतरल्या. मिरवणूक दारावरून जाते तेव्हा पुढच्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. पुढं विशाखा होती. जिजाबाई वाकल्या आणि त्यांनी सगळा तांब्या तिच्या पायांवर ओतला.

पाढा सात साती एकोणपन्नासवर थांबला.

“कोणाची गं तू?” जिजाबाईंनी विचारलं.

“तुळसाबाईची नात,” विशाखा म्हणाली. “आणि माझे मोजे भिजले.”

जिजाबाई रिकामा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. काय झालं ते त्यांना कळलं होतं. मला वाटलं आता काहीतरी होणार, म्हणून मी पुढं सरकले. पण त्या तशाच वाकल्या, पदराचं टोक घेतलं, चाचपत विशाखाचे पाय पुसले आणि म्हणाल्या, “जा, सर्दी होईल. आणि मोजे काढून वर्गात बस.”

परत येताना मी तुळसाबाईपाशी थांबले. तिच्या सुपात त्या सकाळी एकही विडी वळलेली नव्हती. “लगीन होऊन आली होतो,” ती म्हणाली, “तवा त्या घरच्या धान्याच्या गोण्या आमी डोक्यावर आणल्या होत्या. तहान लागली तं तिच्या सासूनं वरून पाणी टाकलं, वंजळीत. मी वाकून पेलो.” एवढंच. मग तिनं पान उचललं, कात्रीनं कापलं, आणि हात चालू झाले.

इथवर सगळं ठीक होतं. गोष्ट इथंच संपवता आली असती, पण एकदा निघालेली मिरवणूक नागपुरात सतरा जणांची राहत नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीतली मुलं आली, चाळीस. पाचव्या दिवशी सायकलींना पताका लागल्या. गोपाळराव छत्री उघडून सर्वांच्या पुढं चालायला लागले; पाऊस नव्हता, पण मंडळाला अध्यक्ष हवा. सहाव्या दिवशी शेजारच्या खऱ्या मंडळाचं ताशा-पथक, त्यांना सकाळी सराव करायचा होता, ते पाढ्यांना साथ द्यायला आलं. तेराचा पाढा ताशावर फार चांगला बसतो, हे मला तेव्हा कळलं. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला चिवडा वाटायला लागला. आणि एका सकाळी मधुकरराव, जे दहा-बारा दिवस माझ्याशी फक्त मीठ आहे का एवढंच बोलत होते, ते न सांगता आले आणि एका लहान मुलाचं दप्तर घेऊन शेवटी चालायला लागले. मी मुद्दाम पुढंच पाहत चालले. बोलले असते तर ते दप्तर खाली ठेवून निघून गेले असते.

भोगलं ते मुख्याध्यापकांनी. ऐंशी मुलं एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत आल्याशिवाय फाटकात शिरेनात, आणि पहिला तास रोज बुडायला लागला. आठव्या दिवशी त्यांनी फाटक लावून घेतलं आणि उशिरा आलेल्यांना बाहेर ओळीत उभं केलं. मी ओळ लावायला मदत करत होते. त्यांनी नाकाच्या सरळ रेषेत बोट केलं आणि मलाही ओळीत उभं राहायला सांगितलं. शेहेचाळीसाव्या वर्षी, पाचवीच्या रांगेत, विशाखाच्या मागे, मी पंधरा मिनिटं उभी राहिले. मागून कोणीतरी माझ्या वेणीला हात लावला. खरं सांगू का, अपमान वाटला, पण तो रांगेतल्या बाकीच्यांना वाटत होता तेवढाच वाटला, त्याहून जास्त नाही. त्या दिवसापासून मी पाढे दहापर्यंतच ठेवले, ताशा बंद केला, आणि घंटा होण्याआधी विसर्जन व्हायला लागलं.

मग अनंत चतुर्दशी आली. गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं नेहमीप्रमाणे नळापाशी जमली. परवाना संपला हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं आणि मी ते रात्रीपासून मनात घोळवत होते. बळीराम रात्रभर विसर्जनाच्या बंदोबस्तावर होते. आता चहाच्या टपरीवर, लाल डोळ्यांनी, कपात पाहत बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच नाही अशी मान हलवली. ट्रक सुसाट जात होते. दहा दिवसांचं राहिलेलं भरून काढत असावेत. विशाखा सायकल धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, की तिला समजलंय. मी मनात वाक्य जुळवत होते: तुळसाबाई, मी प्रयत्न केला.

पण तुळसाबाई कडेला नव्हती. मी पाहिलं तर ती सडकेवर चालत होती. एका हातात पाट, दुसऱ्या हातात सूप. गुडघे दुखतात, त्यामुळे चाल सावकाश. बरोबर मधोमध तिनं पाट टाकला, त्यावर बसली, सूप मांडीवर घेतलं, आणि पान कापायला लागली.

ट्रक तिच्यापासून पाच-सहा हातांवर किंचाळत थांबला. ड्रायव्हर खिडकीतून वाकला. “माँजी, हटो.”

“जुलूस हाय,” तुळसाबाई म्हणाली.

“किसका जुलूस?”

“माह्या नातीचा.”

बळीराम कप ठेवून धावत आले. “तुळसाबाई, उठा. असं नाही बसता येत. परवाना काल संपला.”

तुळसाबाईनं हातातली विडी बांधून पूर्ण केली. “तुहा परवाना संपला,” ती म्हणाली. “पोट्टीची शाळा कुठं संपली?”

बळीराम कायदा जाणणारे माणूस होते. त्यांनी एकदा मुलांकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून काखेत घेतली, म्हणजे ते त्या क्षणी हवालदार राहिले नाहीत, आणि तिच्या शेजारी उभे राहून ड्रायव्हरला सांगितलं, की दो मिनट, भाई, इंजन बंद कर.

तुळसाबाईनं मान वळवून मला हाक मारली. “पाहत काय उभी राहिली वं कांता? गाड्या दोन्हीकून येतेत. तू त्या अंगानं जाय.”

मी गेले. पलीकडच्या अंगाला, सडकेवर, एकटी. लाटणं नाही, कागद नाही. समोरून गोण्यांनी वाकलेला ट्रक येत होता. मी हात वर केला. माझा उजवा खांदा आखडलेला आहे, हात कानाच्या वर जात नाही. त्यामुळे लांबून कोणाला वाटलं असेल की ही बाई डोकं खाजवते आहे. पण ट्रक हळू झाला, आणखी हळू झाला, आणि थांबला.

मुलं निघाली. आज पाढा कोणी म्हटला नाही, सगळी भरभर चालत होती. विशाखा सायकल ढकलत आमच्या दोघींच्या मधून गेली. तिनं आजीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. तिला उशीर होत होता.